फॉक्स आयलंड आणि रॉकवेल केंटची अलास्का चित्रं

फॉक्स आयलंड हे अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर, रेझरेक्शन बे नावाच्या खाडीतलं छोटं डोंगराळ बेट. सगळ्यात जवळचं गाव सिवर्ड, तेही होडीने साधारण १२ मैल. चित्रकलेच्या इतिहासात या बेटाचं नाव आलं ते एका हिवाळ्यामुळे. ऑगस्ट १९१८ मध्ये अमेरिकन चित्रकार रॉकवेल केंट (१८८२–१९७१) आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन इथे आला, बायको आणि बाकीची मुलं न्यूयॉर्कलाच, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि मार्च १९१९ पर्यंत बापलेक इथल्या लाकडी केबिनमध्ये राहिले.

केबिन म्हणजे काही खास नाही हं, चक्क बकऱ्यांचा गोठा होता. बेटावर ओल्सन नावाचा म्हातारा स्वीडिश माणूस राहायचा, सोन्याच्या शोधात अलास्कात आलेला आणि आता फरसाठी कोल्हे पाळणारा, जोडीला अंगोरा बकऱ्या. केंट होडी वल्हवत जागा शोधत फिरत होता तेव्हा तो खाडीतच भेटला आणि स्वतःच त्यांना बेटावर घेऊन गेला. मग साफसफाई, ओंडक्यांच्या फटीत शेवाळ कोंबणं, स्टोव्ह बसवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत मोठी खिडकी पाडणं, कारण आधीच्या उजेडात तिथे चित्र काढणं शक्यच नव्हतं.

उजेड हाच इथला खरा प्रश्न. बेट साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, त्यात आजूबाजूला उंच डोंगर, म्हणजे सूर्य उगवला तरी केबिनवर ऊन पडेलच असं नाही. शिवाय त्याच वेळात लाकडं तोडायची, पाणी आणायचं, पोराला शिकवायचं. तेलरंगाला दिवसाचा उजेड लागतो, दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात निळा आणि हिरवा धड ओळखू येत नाहीत. शाईला मात्र दिव्याचा उजेड पुरतो. माझ्या मते या मुक्कामातून इतकी जबरदस्त काळी-पांढरी रेखाटनं निघाली त्यामागे हेही एक कारण असणार. लोक सगळं श्रेय इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक आणि जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांना देतात, आणि ते चूकही नाही, दोघांची पुस्तकं केंट तिथे वाचत होता आणि रेखाटनांतले उघडे, ताणलेले, आकाशाकडे हात पसरलेले पुरुष थेट ब्लेकच्या घराण्यातले वाटतात. ‘मॅड हर्मिट’ म्हणजे वेडा संन्यासी ही मालिका इथलीच.

तेलचित्रांचा बाज वेगळा आहे. बारीक तपशील जवळजवळ नाहीत, समोर गडद किनारा किंवा झाडं, पलीकडे पाणी, त्यामागे उन्हात पेटलेले बर्फाचे डोंगर. त्यातला बर्फ नीट बघा, तो पांढरा कमी आणि निळा, जांभळा, सोनेरी जास्त आहे. हे काही चित्रकाराचे लाड नाहीत, उघड्यावरच्या बर्फाच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पडतो म्हणून ती निळी दिसते, आणि कलता सूर्य उजेडाची बाजू पिवळी करतो.

परतल्यावर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत रेखाटनं लागली, १९२० मध्ये तेलचित्रं, आणि त्याच वर्षी तिथली डायरी चित्रांसकट पुस्तकरूपात आली. मधल्या काळात एक भन्नाट प्रकार झाला: चित्रं पूर्ण करायला पैसे हवेत म्हणून मित्रांनी केंटची चक्क कंपनी काढली आणि शेअर विकले! त्याचं नाव झालं ते इथूनच. थंडीची ओढ मात्र सुटली नाही, पुढे तो ग्रीनलंडलाही जाऊन राहिला.

आज सिवर्डहून बोटीने बेटावर जाता येतं, पण केंटने पाहिलेला किनारा जसाच्या तसा राहिलेला नाही, १९६४ च्या मोठ्या भूकंपात इथली जमीन खचली आणि खारं पाणी आत शिरून काठची झाडं उभ्या उभ्या मेली. केंटची चित्रंही एका ठिकाणी नाहीत. १९६० मध्ये त्याने आपला मोठा साठा सोव्हिएत जनतेला भेट देऊन टाकला, त्यामुळे त्याचं काम बघायचं तर अमेरिकेइतकंच रशियातल्या म्युझियममध्येही जावं लागतं.