संगम माहुली येथील राजसमाध्या

सातारा शहराच्या पूर्वेस सुमारे 5 किमी. अंतरावर, कृष्णा-वेण्णा संगमाकाठी असलेला सातारकर छत्रपतींच्या घराण्याचा समाधिपरिसर. पैलतीरावर क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव आहे.

विजापूरचा इब्राहिम रोझा किंवा औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहिलेल्या माणसाला येथे राजेशाही खूण चटकन सापडत नाही. चारबाग (चार चौकोनांत विभागलेली मोगली बाग) नाही, कारंजी नाहीत, घुमट नाही. दहन नदीकाठी करायचे आणि त्याच जागी चौथरा बांधून वर शिवलिंग, पादुका किंवा तुळशीवृंदावन बसवायचे, ही मराठ्यांची रीत. थोरल्या शाहू महाराजांना मोगली थडगी काही अनोळखी नव्हती. 1689 ते 1707 ही वर्षे त्यांनी मोगलांच्या कैदेत काढली आणि सुटल्यावर खुलताबादेत औरंगजेबाच्या कबरीला भेट दिली, असे इतिहासकार सांगतात. 15 डिसेंबर 1749 रोजी ते साताऱ्यात वारले. त्यांचे दहन माहुलीस झाले, राणी सकवारबाई त्यांच्यासोबत सती गेल्या आणि समाधी रूढीप्रमाणे नदीच्या पात्रालगतच उभी राहिली.

बांधणीचा थाट समाध्यांपेक्षा देवळांत अधिक दिसतो. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर काळ्या दगडाचे असून त्याच्यापुढे नंदीमंडप, दीपमाळ आणि थेट पाण्यात उतरणारा रुंद घाट आहे. समाध्यांचे चौथरेही त्याच काळ्या पाषाणाचे. पण घाटाइतके भक्कम काम त्यांच्या वाट्याला आले नाही. दरवर्षीचा पूर, गाळ-वाळूचा थर आणि सांध्यांत रुजणारी झाडे यांनी त्यांची दैना केली.

येथील सर्वांत लोकप्रिय स्मारक मात्र एका कुत्र्याचे आहे. शिकारीत वाघापासून शाहूंचा जीव वाचवणाऱ्या या कुत्र्याला महाराजांनी जहागीर व पालखीचा मान दिला. एकदा भर दरबारात त्याला जरीवस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवले आहे. डफने हा वेडाचा झटका ठरवला. सातारकर आजही ही गोष्ट कौतुकानेच सांगतात.

ऑगस्ट 1817 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव आणि ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांची भेट माहुलीतच झाली. त्यानंतर काही महिन्यांतच तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले.

महाराणी ताराबाईंची समाधी याच परिसरात आहे. मोगलांच्या कैदेतून सुटून 1719 मध्ये साताऱ्यास परतलेल्या महाराणी येसूबाईंची समाधीही येथेच असल्याचे अलीकडे जुन्या कागदपत्रांच्या आधारे स्थानिक अभ्यासकांनी दाखवून दिले. सातारकरांची स्मशानभूमीही माहुलीलाच असल्याने येथे वर्दळ कायम असते, पण बहुतेक लोक घाटावरूनच परततात. पात्रालगतच्या समाध्या पाहायच्या असतील, तर पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यात जावे.