मोटारहोमची बाह्य धुलाई व पॉलिश

मोटारहोमची बाह्य धुलाई व पॉलिश : स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आणि आत झोपण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेल्या वाहनाचा टप, बाजू, खिडक्या, सांधे व तळ धुऊन काढणे आणि नंतर पृष्ठभागाला चकाकी व मेणाचे संरक्षण देणे. बोलताना अशा गाडीला सरसकट कॅरव्हॅन म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर कॅरव्हॅन म्हणजे दुसऱ्या वाहनाने ओढून न्यायची घरगाडी. पण राज्य शासनाच्या २०२१ च्या धोरणालाही ‘कॅरव्हॅन पर्यटन’ हेच नाव असल्याने शब्द आता रुळला आहे. या नोंदीत सातारा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरून आलेली अशी गाडी दोन-तीन दिवसांत पाचगणी, कास, कृष्णाकाठ आणि वाटल्यास कुंभार्ली घाट उतरून कोकण असे सगळे फिरते, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या अंगावर वेगळा मळ बसतो. तो कुठला आहे हे ओळखल्याशिवाय फडके हातात घेऊ नये.

आपल्याकडची बहुतेक मोटारहोम टेम्पो ट्रॅव्हलरच्या किंवा बस-ट्रकच्या चॅसीवर बांधलेली असतात. त्यामुळे एकाच गाडीवर पाच-सहा प्रकारचे पृष्ठभाग भेटतात : पुढच्या भागाचा रंगवलेला पत्रा, मागच्या खोलीचे फायबरचे पॅनेल, कडेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या, रबराचे बीडिंग (सांध्यांवरची पट्टी) आणि बाजूवर चिकटवलेली डोंगर-सूर्याची स्टिकर. या सगळ्यांना एकच बादली, एकच साबण आणि एकच पोते लावले जाते. बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होते.

मळाचे प्रकार

महाबळेश्वर, पाचगणी आणि कासचे पठार यांवर जांभ्याची तांबडी धूळ असते. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. ती पिठासारखी बारीक असली, तरी तिचे कण गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असतात. कोरडे फडके मारले की हे कण पत्र्यावरून फिरतात आणि उन्हात पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. कासहून परतल्यावर पार्किंगमध्येच झटकून पुसून घेण्याची घाई करणारे मालक पुढे तेच ओरखडे काढायला पैसे मोजतात. ही धूळ आधी नुसत्या पाण्याने वाहून जाऊ द्यावी.

कऱ्हाड, वाळवा या बाजूची काळी माती याच्या उलट स्वभावाची. ती ओरखडत कमी, पण चिकटते फार. पाणी शोषून फुगणारी ही चिकणमाती मडगार्डच्या आत वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. ती उलथन्याने खरवडू नये. दोन-तीन वेळा भिजवून अर्धा-अर्धा तास थांबले की ढेकूळ आपोआप सुटते.

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तिसरा मळ येतो : फडात जाळलेल्या पाचटाची काजळी आणि कारखान्याच्या चिमणीतून उडणारी चिपाडाची राख. सकाळी पांढऱ्या टपावर काळ्या पाकळ्या पडलेल्या दिसतात. त्या बोटाने पुसल्या की रेघ उमटते. फुंकर मारून किंवा पाणी सोडून काढल्या तर डाग राहत नाही. राख दवाने भिजली की तिचे पाणी अल्कधर्मी होते आणि मेणाचा थर खाते, म्हणून ती दिवसेंदिवस टपावर राहू देऊ नये.

कोकणातून आणलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ते सर्वांत घातक. गुहागरला समुद्रालगत एक रात्र गाडी उभी केली तरी खारा वारा तळाशी, स्क्रूंच्या डोक्यांवर आणि पायरीच्या बिजागऱ्यांत मीठ ठेवून जातो. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि गंज कोरड्या दिवशीही चालू राहतो. घाट चढून वर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत तळ गोड्या पाण्याने धुवावा. शेत असलेल्यांना यासाठी खर्च नाही : तुषार सिंचनाचे एक नोझल गाडीखाली ठेवून गाडी हळूहळू पुढे-मागे घेतली की काम होते.

किरकोळ मळात घाट उतरताना चाकांवर बसणारी ब्रेकची लोहयुक्त तपकिरी पूड, रात्रीच्या प्रवासात काचेवर आपटलेले किडे आणि पक्ष्यांची विष्ठा येते. शेवटच्या दोन गोष्टी आम्ल असलेल्या असतात. ओले फडके दहा मिनिटे वर ठेवून मऊ कराव्यात. सावलीसाठी गाडी आंब्याखाली लावणे ही माघ-फाल्गुनातली हमखास चूक आहे. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा टपावर गळतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे काळी बुरशी धरते.

पाणी आणि साबण

माण, खटाव आणि फलटणच्या काही भागांत बोअरचे पाणी जड असते. ते उन्हात वाळले की कॅल्शियमचे पांढरे ठिपके उरतात आणि काळ्या खिडक्यांवर ते विशेष उठून दिसतात. ताजे ठिपके पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. जुने झाले की पॉलिशच करावे लागते. त्यामुळे धुलाई सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी आणि एक बाजू पुसून कोरडी केल्याशिवाय दुसरीला हात घालू नये. उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहिली जाते, तिथे चालू पाइप लावून सहा-सात मीटर लांबीची गाडी धुणे शोभतही नाही. बादल्यांवर काम भागते : एक साबणाची, एक फडके खळबळायची आणि चाकांसाठी तिसरी. दुसरी बादली टाळली की पहिल्या बादलीत धूळ साठते, आणि गाडी साबणाच्या नावाखाली वाळूने घासली जाते.

कपड्यांची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असते; मळाबरोबर मेणही काढते, रबर कोरडे पाडते आणि अ‍ॅल्युमिनियम काळवंडवते. वाहनांसाठीचा सौम्य शॅम्पू पुरतो. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतील तर अमोनियाचा काचपुसा, स्पिरिट किंवा पेट्रोल लावणे म्हणजे त्यांत केसासारख्या बारीक चिरा पाडून घेणे होय. महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये रॅम्पवर गाडी चढवून खालून डिझेल मारण्याची जुनी पद्धत आहे. दोन दिवस तळ काळाभोर चमकतो खरा, पण डिझेलने रबरी बुश फुगतात आणि तेलकट पृष्ठभागावर पुढच्याच गावची धूळ चिकटते. ‘डिझेल नको’ हे गाडी रॅम्पवर चढण्यापूर्वीच सांगावे लागते, नंतर उशीर झालेला असतो.

धुण्याचा क्रम

सुरुवात टपापासून. बाजूंवर दिसणारे काळे ओघळ मुळात टपावरचेच असतात. तिथली धूळ, शेवाळ आणि सीलंटचा (सांधे बुजवणाऱ्या लेपाचा) सुटलेला काळपटपणा पावसाबरोबर खाली उतरतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरपेक्षा उंच आहे आणि तिथे वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तिथे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या सांध्यांत हिरवे शेवाळ धरतेच. टपावर चढण्याआधी तो माणसाचे वजन पेलणारा आहे ना, हे पाहावे. ओले फायबर घसरडे असते आणि जमीन तीन मीटर खाली असते. शक्यतो शिडीवरून लांब दांड्याच्या मऊ ब्रशनेच काम करावे. तापलेल्या सौर पॅनेलवर थंड पाणी ओतू नये.

पाणी सोडण्यापूर्वी खिडक्या आणि टपावरची झडप बंद करावी, बाहेरून जोडलेली वीज काढावी आणि फ्रिजच्या जाळीवर आवरण लावावे. बाजूंना साबण मात्र खालून वर लावतात. वरून लावला तर ओघळ खालच्या कोरड्या मळात शिरून रेघा पाडतात. ट्रक धुणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. धुऊन टाकताना क्रम उलटा, वरून खाली. प्रेशरची नळी किमान दोन फूट लांब धरावी आणि सांध्याकडे तिरपी कधीही मारू नये. आत गेलेले पाणी लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी आतली प्लाय फुगते तेव्हा कळते. हाताने धुण्याचा खरा फायदा इथे आहे. फडके फिरवताना तडकलेला सीलंट, सुटलेले बीडिंग, सैल स्क्रू बोटांना लागतो.

पॉलिश

पॉलिश म्हणजे वर काहीतरी लावणे, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात पॉलिश पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर घासून काढते. वर लावले जाते ते मेण. पत्र्याच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर फायबरवरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा चकचकीत वरचा थर, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून फायबर घासणी जास्त सोसते आणि पत्रा कमी. हे न ओळखता दोन्हींवर सारखेच मशीन फिरवले, की पुढच्या भागाच्या कडांवर खालचा रंग उघडा पडतो.

जेलकोट उन्हाने मरतो. अतिनील किरणांनी त्यातले रेझिन तुटते आणि वर खडूसारखी पांढरी पूड तयार होते. काळे फडके दाबून त्यावरून ओढले की ती पूड दिसते. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के. त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी ठेवलेली गाडी सुरक्षित, हा भ्रम आहे.

पूड हलकी असेल तर नुसते पॉलिश पुरते. जास्त असेल तर आधी रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा खरखरीत घासणारी पेस्ट) लोकरी पॅडने, मग बारीक पॉलिश फोमच्या पॅडने. एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच तुकडा घ्यावा, मशीन सतत हलते ठेवावे आणि स्टिकरच्या कडा टाळाव्यात. आधी कोपऱ्यातल्या न दिसणाऱ्या जागी करून बघावे. हे काम सावलीत आणि पृष्ठभाग थंड असताना करायचे. वर्षातून एकदा पुरे. दर दोन महिन्यांनी ‘रबिंग’ करून देणारा गाडीचे आयुष्यच घासत असतो.

मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी द्यावे लागते. बाजारातल्या बहुतेक चांगल्या मेणांत ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाचे कारनौबा मेण असते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. तेव्हा मधमाशीचे मेणच का वापरू नये, असे कुणाला वाटणे साहजिक आहे. अडचण तापमानाची आहे. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, कारनौबा ८० अंशांच्या वर. चैत्र-वैशाखातल्या उन्हात गडद रंगाचा पत्रा पहिल्या आकड्यापर्यंत सहज जातो. टायर आणि काळ्या प्लॅस्टिकला खोबरेल किंवा रॉकेल चोळण्याची सवयही सोडलेली बरी : चमक तासाभराची, धूळ आठवडाभराची.

ओढा, नदी आणि पूजा

बेंदराला बैल नदीवर नेऊन धुण्याची इकडची रीत पुढे ट्रॅक्टर आणि जीपवरही आली, आणि गाडी थेट ओढ्यात घालून धुणे अनेकांना चुकीचे वाटत नाही. बैलाच्या अंगाची माती पाण्यात जाते आणि खाली बसते. गाडीबरोबर ग्रीस, ऑइल आणि ब्रेकची पूड जाते. प्रवाहात घातक द्रव्ये सोडण्यास जल प्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४ च्या कायद्याने मनाई आहे. मोटारहोमच्या बाबतीत तर सांडपाण्याची टाकीही त्याच गाडीत असते आणि ती तिथेच रिकामी करण्याचा मोह होतो.

वर्षातली सर्वांत कसून धुलाई खंडेनवमीला होते. त्याच दिवशी पांढऱ्या जेलकोटवर हळदीची बोटे आणि कुंकवाचे स्वस्तिकही उमटते. जेलकोट किंचित सच्छिद्र असल्याने रंग आत शिरतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरातल्या पातळांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीवरही तेच घडते. साबणाने घासत बसू नये. डाग साध्या पाण्याने पुसून गाडी उन्हात उभी ठेवावी. हळदीतले कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही आणि काही दिवसांत पिवळेपणा उडतो. कुंकू कृत्रिम रंगाचे असेल तर ऊन पुरेसे पडत नाही आणि पॉलिश करावे लागते, म्हणून स्वस्तिक पुढच्या काचेवर काढणे सोयीचे. झेंडूचे तोरण तारेऐवजी सुतळीने बांधावे. तारेची टोके वाऱ्याने हलून बोनेटवर जी नक्षी काढतात, ती मेणाने झाकत नाही.