बालबुद्ध प्रतिमा

बौद्ध कलेत व उपासनेत सिद्धार्थ गौतमाचे नवजात रूप दाखवणारी प्रतिमा. कमरेपुरते वस्त्र, उजवा हात आकाशाकडे, डावा जमिनीकडे आणि दोन्ही पायांवर ताठ उभे असलेले बाळ, हे तिचे पूर्व आशियातील रूढ रूप. रांगणारा, हातात लोण्याचा गोळा धरलेला बाळकृष्ण आपल्या देवघरांतून परिचयाचा आहे. त्याच्याकडे पाहून वात्सल्य दाटून येते. बालबुद्धाकडून ती अपेक्षा ठेवू नये, कारण हे बाळ रांगतच नाही.

या प्रतिमेचे मूळ पाली त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या पाली धर्मग्रंथसंग्रहात आहे. दीघनिकायातील महापदान सुत्त आणि मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुत सुत्त या सुत्तांनुसार (उपदेशांनुसार) बोधिसत्त्वाची, म्हणजे भावी बुद्धाची, माता उभ्यानेच प्रसूत होते. बाळाला आधी देव झेलतात, मग माणसे. आकाशातून थंड आणि ऊन पाण्याच्या दोन धारा पडतात. बाळ उत्तरेकडे तोंड करून सात पावले चालते, त्याच्यावर शुभ्र छत्र धरलेले असते, आणि ते म्हणते, ‘अग्गोहमस्मि लोकस्स’ (मी जगात अग्र आहे). हा शेवटचा जन्म, आता पुनर्जन्म नाही. महापदान सुत्तात हे वर्णन विपस्सी या पूर्वबुद्धाच्या कथेत येते आणि प्रत्येक बोधिसत्त्वाच्या बाबतीत असेच घडते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ही एका मुलाची चरित्रकथा कमी आणि नियम जास्त.

अट्ठकथाकारांनी, म्हणजे पाली ग्रंथांवरील भाष्यकारांनी, त्यातल्या एकेका गोष्टीचा अर्थ लावला. भूमीवर समपाद उभे राहणे हे चार ऋद्धिपादांचे (आध्यात्मिक सामर्थ्याच्या आधारांचे) पूर्वचिन्ह, सात पावले हे सात बोध्यंगांचे (ज्ञानप्राप्तीच्या अंगांचे), आणि श्वेतछत्र विमुक्तीचे. ज्ञानप्राप्तीला अजून पस्तीस वर्षे असताना ती अशी जन्मातच सांगून टाकलेली आहे. पावलागणिक कमळ उमलण्याचा प्रसंग ललितविस्तरासारख्या संस्कृत ग्रंथांत विस्ताराने येतो.

शिल्पकारांपुढे वेगळाच पेच होता: असे बाळ दाखवायचे कसे? आंध्रातील अमरावतीच्या शिल्पांत बाळ दिसतच नाही. लोकपालांनी (दिशांच्या रक्षक देवांनी) हातांवर धरलेले लांब वस्त्र आणि त्यावर उमटलेली इवलीशी पावले, एवढ्यावर जन्म सांगितला आहे. गांधार शिल्पांत मात्र बाळ मूर्त होते: शालवृक्षाची फांदी धरलेल्या मायादेवीच्या, म्हणजे सिद्धार्थाच्या आईच्या, कुशीतून ते प्रभावलयासह बाहेर येते आणि इंद्र त्याला वस्त्रात घेतो. महाराष्ट्रात अजिंठ्याच्या लेणे क्र. २ मध्ये डाव्या भिंतीवर मायेचे स्वप्न व लुंबिनीतील जन्म रंगवला आहे. लेणे क्र. १६ मध्ये वृद्ध असित ऋषी बाळाला घेऊन बसलेला दिसतो. हे मूल बुद्ध होईल हे त्याने ओळखले, पण तो दिवस पाहायला आपण नसू म्हणून तो रडला. या सगळ्या चित्रणांत माणसाच्या सर्वांत जवळचा प्रसंग बहुधा हाच.

बालपणाला खरे वजन मिळते ते दुसऱ्याच एका आठवणीत. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात बुद्ध सांगतात, की देहदंडाने काहीच हाती लागेना तेव्हा त्यांना लहानपणचा एक क्षण आठवला. वडील कामात होते आणि आपण जांभळाच्या गार सावलीत बसलो असता मन आपोआप प्रथम ध्यानात, म्हणजे ध्यानाच्या पहिल्या पायरीत, शिरले होते. ‘हाच बोधीचा मार्ग असेल का?’ असे त्यांना वाटले आणि उपवास सोडून त्यांनी अन्न घेतले. पुढे परंपरेने या प्रसंगाला राजाच्या नांगरणीच्या उत्सवाची जोड दिली. दिवस कलला तरी त्या झाडाची सावली हलली नाही, असा चमत्कारही त्यात आला. मूळ सुत्तातला साधेपणा मला अधिक बोलका वाटतो. येथे ना घोषणा, ना छत्र.

पूजेत बालबुद्ध येतो तो स्नानासाठी. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने येथील विहारांतील मूर्तिस्नानाचा विधी नोंदवून ठेवला आहे. चीन व कोरियात चांद्र पंचांगातील चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, तर जपानमध्ये ८ एप्रिलला ‘हाना मात्सुरी’ या पुष्पोत्सवात ताटातल्या लहान मूर्तीवर पळीने पाणी ओततात. जपानमध्ये पाण्याऐवजी ‘आमाचा’ हा गोड काढा असतो आणि मूर्तीवर फुलांचा छोटा मांडव असतो. नारा येथील तोदाइ-जी मंदिरात आठव्या शतकातील मुलामा दिलेली कांस्य मूर्ती आहे. सुमारे ४७ सेंमी उंच, गालफुगी, किंचित हसरी. सुत्तात वगळलेले बाळपण तिच्या चेहऱ्यावर थोडेसे परतले आहे.

या प्रतिमेच्या वळणाने इतर पवित्र बालकेही घडली. जपानी राजपुत्र शोतोकुने दोन वर्षांचा असताना पूर्वेकडे हात जोडून ‘नामु बुत्सु’ (बुद्धाला नमन) म्हटले, अशी आख्यायिका आहे. तशी १२९२ च्या सुमाराची एक लाकडी मूर्ती अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात असून तिच्या पोकळ शरीरात बौद्ध सूत्रग्रंथ, लहान मूर्ती आणि इतर पूजावस्तू ठेवलेल्या आढळल्या.