खालच्या चार बोटांची धूळ
फेब्रुवारी सरला की जत तालुक्यातल्या कच्च्या रस्त्यांवर फुफाटा उठू लागतो. बांधावरच्या सौरपंपाच्या पॅनेलवरही तो बसतो. दुरून काच निळीच दिसते, ऊनही कडक असतं, तरी पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. मग शेतकरी मोटरीवर संशय घेतो. त्याने आधी पॅनेलची खालची कड बघावी.

पहाटे काचेवर दव साचतं. ते उतारावरून ओघळताना धूळ सोबत आणतं आणि खालच्या चौकटीशी अडतं. ऊन चढलं की पाणी उडून जातं. दवात विरघळलेले क्षार आणि मातीचे बारीक कण मागे राहतात, काचेला धरून घट्ट होतात. रोज असं घडत जातं आणि चार बोटं रुंदीची पट्टी तयार होते. ती वाऱ्याने जात नाही.

एवढ्याशा पट्टीने काय होतं? पुष्कळ होतं. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकामागोमाग एक जोडलेले असतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात देणारी माणसांची रांग आठवा. एकाचा हात मंदावला की सगळी रांग मंदावते. झाकलेला सेल वीज कमी वाहू देतो आणि बाकीच्यांनाही अडवतो. त्यासाठी सेलचे बहुधा तीन गट केलेले असतात आणि पॅनेलमागच्या डबीत प्रत्येक गटाला एक डायोड असतो. अडलेला गट बाजूला ठेवून हे डायोड वीज पुढे काढतात. पण पॅनेल लांब बाजू उभी ठेवून बसवलं असेल, तर खालच्या ओळीत तिन्ही गटांचे सेल येतात आणि तिन्ही एकदम अडतात. पक्ष्याच्या विष्ठेचं दुखणं वेगळं. तिच्याखालचा सेल वीज देण्याऐवजी तापत राहतो, कधी करपतोही.

धुवायचं ते सकाळी, पॅनेल गार असताना. दवाने धूळ आधीच भिजलेली असते, त्यामुळे थोडं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. दुष्काळी भागात हे फार मोलाचं आहे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. उन्हात ओळीने जोडलेल्या पॅनेलमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाबही असतो. कोरडं घासलं तर काचेवर ओरखडे उठतात. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटी रबरी वायपरने निपटून घ्यावं. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर उत्तमच.

एकदा करून बघा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ठरावीक वेळेला पंपाच्या धारेखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवून ते किती मिनिटांत भरतं ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त खालची पट्टी पुसा आणि त्याच वेळेला पिंप पुन्हा भरा.