वैद्यकीय जर्नलसाठी हस्तलिखिताची तयारी

वैद्यकीय जर्नलसाठी हस्तलिखिताची तयारी : रुग्णांवर, प्रयोगशाळेत किंवा समाजात केलेल्या वैद्यकीय संशोधनाचा लेख जर्नलकडे पाठवण्याजोगा करण्याची रीत. ‘हस्तलिखित’ हे नाव जुन्या काळचे. आज प्रत्यक्षात असतो तो फाइलींचा गठ्ठा : नाव-पत्त्यांचे पहिले पान, लेखकांची नावे काढलेला मजकूर, तक्ते, आकृत्या, संपादकाला पत्र, लेखकांच्या सह्यांची प्रपत्रे. मराठी डॉक्टर बोलताना या सगळ्याला नुसते ‘पेपर’ म्हणतात आणि ‘पेपर लिहायला घेतला’ म्हणजे तयारी सुरू झाली असे समजतात. वस्तुतः लिहिणे हा तयारीतला उशिरा येणारा भाग आहे. जर्नल जे विचारते त्यातल्या कित्येक गोष्टी पहिला रुग्ण अभ्यासात घेण्यापूर्वीच्या तारखेच्या असाव्या लागतात, आणि त्यांची उणीव चांगल्या इंग्रजीने भरून निघत नाही.

नियमांचा उगम : जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक जमले. त्या काळी प्रत्येक जर्नलची धाटणी निराळी होती. एकीकडे नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर संदर्भयादी पुन्हा टंकून काढावी लागे. या संपादकांनी ठरवलेले समान नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. संदर्भांची मांडणी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने बसवून दिली होती. या गटाचीच पुढे आयसीएमजेई ही वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. मजकुरात येईल त्या क्रमाने संदर्भाला आकडा द्यायचा आणि यादीत पहिल्या सहा लेखकांनंतर ‘व इतर’ म्हणून थांबायचे, ही मांडणी आजही व्हँकूव्हर शैली म्हणून ओळखली जाते. समितीचे लक्ष मात्र हळूहळू स्वल्पविरामांवरून संशोधकाच्या वर्तनाकडे वळले. २०१३ मध्ये नियमावलीच्या नावातूनच ‘हस्तलिखितांसाठी समान आवश्यकता’ हे शब्द गेले आणि संशोधन करणे, कळवणे व संपादणे यांविषयीच्या ‘शिफारशी’ असे नाव आले.

आधीचे कागद : रुग्णांवरील अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि तिचा उल्लेख ‘पद्धती’ या भागात करावा लागतो. उपचाराची चाचणी असेल तर तिची जाहीर नोंदणीही लागते. नोंद नसलेली चाचणी छापणार नाही, असे आयसीएमजेईने २००४ मध्ये जाहीर केले आणि १ जुलै २००५ पासून सुरू होणाऱ्या चाचण्यांना ते लागू केले. सोयीचा निकाल छापायचा आणि गैरसोयीचा कपाटात ठेवायचा, किंवा निकाल पाहून ‘आम्ही हेच मोजणार होतो’ म्हणायचे, या खोडीवर तो उपाय होता. भारताची नोंदवही, सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करता येते. थिसिसचे बाइंडिंग झाल्यावर ‘आता नोंदणी उरकून टाकू’ म्हणणाऱ्या रेसिडेंटला त्यामुळे वाट उरलेली नाही.

लेखाचा सांगाडा : प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही चौकट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय जर्नलांत रुळली. का केले, कसे केले, काय आढळले, त्याचा अर्थ काय, असे तिचे चार प्रश्न. हे चार कप्पे एकमेकांत मिसळू न देणे हीच खरी मेहनत असते. सरावलेले लेखक आधी ‘पद्धती’ लिहितात, कारण ती घडून गेलेली असते आणि त्यात मत नसते. मग तक्ते, मग निष्पत्ती. गोषवारा वाचकासमोर प्रथम येतो, पण लिहायचा सर्वांत शेवटी. ज्याने तो आधी लिहिला त्याच्या गोषवाऱ्यात ८४ रुग्ण असतात आणि तक्त्यात ८१.

चांगल्या शीर्षकाचा नमुना महाराष्ट्रातच सापडतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्यभर काम केले. प्राझोसिन या औषधाविषयीचे त्यांचे लेखन १९८६ मध्ये लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय जर्नलमध्ये आले. २०११ मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा पेपर बीएमजे या तशाच ब्रिटिश जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात दोन्ही उपचार आहेत, विंचवाची शास्त्रीय जात आहे आणि शेवटी अभ्यासाचीही जात आहे : चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडून केलेली, ‘उघड’ चाचणी. उघड म्हणजे कोणाला काय दिले हे लपवलेले नव्हते. टीकाकार ज्यावर बोट ठेवणार ती गोष्ट लेखकांनीच पहिल्या ओळीत मांडली. आत आकडेही तसेच उघडे : ७० रुग्ण, दोन गट, प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयातून एवढे नेमके लिहिता येते, तेव्हा ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ ही सबब फारशी टिकत नाही.

कोणत्या प्रकारच्या अभ्यासात काय सांगितलेच पाहिजे याच्या याद्या आहेत. चाचण्यांसाठी कॉन्सोर्ट (१९९६, नंतर अनेकदा सुधारित), निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २२ मुद्द्यांची स्ट्रोब, एकट्या रुग्णाच्या वृत्तांतासाठी केअर. बरीच जर्नले ही यादी भरून मागतात आणि प्रत्येक मुद्दा हस्तलिखिताच्या कोणत्या पानावर आहे तेही विचारतात. ती शेवटच्या रात्री भरायला घेतली की ‘नमुन्याची संख्या (किती रुग्ण घ्यायचे ती) कशी ठरवली’ या ओळीपाशी पेन अडते.

आकडे : समीक्षकाचा, म्हणजे जर्नलच्या वतीने लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, विश्वास उडतो तो बहुधा इथे. संगणकातील सांख्यिकी पॅकेज ‘पी = ०.०००’ असे छापते आणि लेखक ते जसेच्या तसे उतरवून घेतो. पी म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची संभाव्यता. ती शून्य नसते, पॅकेजने तीनच दशांश स्थळे दाखवलेली असतात, ‘पी ०.००१ पेक्षा कमी’ असे लिहायचे. सात रुग्णांपैकी तिघांना ताप आला तर ‘४२.८६ टक्के’ लिहून अचूकता वाढत नाही. ‘सातपैकी तीन’ हेच प्रामाणिक. रक्तशर्करा आपल्या लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मिळते, कित्येक परदेशी जर्नलांना ती मिलिमोलमध्ये लागते. १८ ने भागले की झाले, म्हणजे १२६ चे ७ होतात. १,००,००० हा आपला लाख तिकडे १००,००० असा लिहावा लागतो. आणि ओपीडीच्या कागदावर जी ‘क्रोसिन’ असते ती पेपरात पॅरासिटामॉल होते, अमेरिकेत तर ॲसिटामिनोफेन.

नावे : लेखक कोण, हा तयारीतला सर्वांत नाजूक विषय. आयसीएमजेईच्या चार कसोट्या आहेत : संकल्पनेत, माहिती जमवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मजकूर लिहिणे किंवा त्यात मोलाची दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चौथी २०१३ मध्ये जोडली गेली. चारही पूर्ण झाल्या तरच लेखक, नाहीतर आभारात नाव. विभागप्रमुख म्हणून, यंत्र वापरू दिले म्हणून किंवा ‘पुढच्या वेळी तू माझे घाल’ म्हणून घातलेले नाव यात बसत नाही. पण ‘सरांचे नाव शेवटी टाकू’ हे वाक्य कोणत्याही कॉलेजात ऐकू येते. बढतीसाठी पेपर मोजले जाऊ लागल्यापासून क्रमावरूनही ओढाताण असते. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये फक्त पहिली दोन नावे धरली, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाची किंमत एका रात्रीत उतरली. चॅटजीपीटीसारखे साधन मात्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. २०२३ पासून आयसीएमजेईची तशी शिफारस आहे, आणि वापर केला असल्यास सांगावा लागतो.

मराठी नावांची वेगळी अडचण आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव लिहितो, अनुक्रमणिकेत मात्र आडनाव आणि दोन आद्याक्षरे उरतात. एस. आर. पाटील किती निघतील याला गणती नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाईंचे आधीचे पेपर दुसऱ्याच कोणाचे दिसतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऑर्किड या संशोधकांच्या नोंदवहीतल्या सोळा अंकी क्रमांकाने ही फाटाफूट सांधता येते. तो घ्यायला काही मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.

रुग्णाची ओळख : सीटी स्कॅनच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक बारीक अक्षरांत असतात. संगणकाच्या पडद्यावर ते नजरेतून सुटतात आणि छापल्यावर ठळक दिसतात. चित्राचा तो भाग कापून टाकावा. त्यावर काळी पट्टी ठेवून फाइल पाठवली तर पट्टी हलवता येते. चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर पट्टी मारण्याची जुनी पद्धत आयसीएमजेई पुरेशी मानत नाही. ओळख पटण्यासारखी असेल तर रुग्णाची लेखी संमती हवी आणि छापायचा मजकूर त्याला दाखवायला हवा. जर्नलचे संमतिपत्र इंग्रजीत येते. ते शेतमजूर बाईपुढे ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. पेपर तिच्या भाषेत, तिच्या नात्यातल्या कोणासमोर समजावून सांगण्याचे हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो. रुग्ण गावी परतल्यावर हे सुचले तर सहा महिन्यांनी त्याला शोधत फिरावे लागते.

जर्नलची निवड : लेख लिहून झाल्यावर जर्नल शोधणे उलटे होते. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, वाचक कोण, हे आधी ठरलेले बरे. केईएम रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन हे मुंबईचे जुने, प्रतिष्ठित व्यासपीठ. ‘आपला अमूल्य लेख पाठवा, चार दिवसांत स्वीकृती’ अशी ईमेले पाठवणाऱ्या दुकानांपासून दूर राहावे. तिथे छापलेला पेपर मागे घेणे छापण्यापेक्षा अवघड जाते.

पाठवणे : समीक्षकाला लेखक कळू नयेत म्हणून ‘नावे काढलेल्या’ फाइलीत ‘आमच्या अमुक रुग्णालयात’ हे शब्द राहतात, किंवा वर्डच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव तसेच असते, दोन्ही तपासावे. एकच लेख एकाच वेळी दोन जर्नलांकडे पाठवता येत नाही. संपादकाला लिहायच्या पत्रात तशी ग्वाही आणि अभ्यासाने कोणता प्रश्न सोडवला याची दोन-तीन वाक्ये पुरतात. बऱ्याच जर्नलांना पहिल्या फेरीत कोणतीही धाटणी चालते, तरी नाकारलेला लेख पुढे पाठवताना एक चूक पुनःपुन्हा होते : मजकूर बदलला जातो, संदर्भ नव्याने लावले जातात, आणि पत्राच्या मायन्यात आधीच्या जर्नलच्या संपादकाचे नाव तसेच राहते.