‘नेट स्लो आहे’ या तक्रारीमागचा इतिहास

ऑफिसात ‘नेट स्लो आहे’ अशी ओरड झाली की सिस्टीम बघणारा माणूस आधी पिंग टाकून पाहतो. ही सवय डिसेंबर १९८३ पासूनची. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणारे प्रोग्रामर माइक म्यूस यांना नेटवर्कचं वागणं विचित्र वाटलं. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत नेटवर्क संशोधक डेव्ह मिल्स बोलता बोलता म्हणाले होते, की पलीकडून परत येणाऱ्या संदेशावरून वाटेत लागणारा वेळ मोजता येईल. ते आठवून म्यूस यांनी झटपट प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ नाव दिलं. पहिलं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) सोडायची वेळ येईपर्यंत मूळ बिघाड दुरुस्तही झाला होता. प्रोग्राम मात्र राहिला.

पलीकडचं मशीन जागं आहे आणि उत्तर यायला किती वेळ लागला, एवढंच पिंगवरून कळतं. ते किती अपुरं आहे हे ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसलं. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली आवार यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला, म्हणजे सेकंदाला पाच रोमन अक्षरं! तारा शाबूत होत्या. पॅकेट हरवलं की मशीन ते पुन्हा पाठवत होती, त्याने गर्दी आणखी वाढत होती. माझ्या मते नेटवर्कवर नजर ठेवण्याच्या विषयाची खरी सुरुवात इथे आहे, कारण ‘चालू आहे’ आणि ‘नीट चालू आहे’ यांतला फरक इथे आकड्यांत दिसला. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी कारण शोधलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडले. ते टीसीपीत, म्हणजे मशीनांनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची याच्या नियमांत, आजही आहेत.

पॅकेट कोणत्या वाटेने जातं हे दाखवणारा ट्रेसराउट हा प्रोग्रामही त्याच काळात जेकबसन यांनी लिहिला. त्याची युक्ती फार सुंदर आहे. प्रत्येक पॅकेटवर ‘एवढेच टप्पे जगायचं’ असा आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर (पॅकेट पुढे पाठवणारं यंत्र) तो एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मग आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पॅकेट पाठवत गेलं, की वाटेतला एकेक राउटर स्वतःच आपला पत्ता सांगतो. एखाद्या ओळीत नुसते तीन तारे दिसले, तर तिथून उत्तर आलेलं नसतं.

१९८८ मध्येच एसएनएमपी ही नेटवर्कमधल्या यंत्रांकडून माहिती मागवायची नियमावली आली आणि राउटरकडचे आकडे ठरलेल्या पद्धतीने मागता येऊ लागले. टोबियास ओटिकर जिथे काम करत होते, तिथे सगळ्यांत मिळून सेकंदाला ६४ हजार बिटांची एकच लाइन होती, तिच्यावर किती भार आहे हे सगळ्यांनाच हवं होतं. त्यातून १९९५ मध्ये त्यांचा एमआरटीजी हा प्रोग्राम बाहेर आला. दर पाच मिनिटांनी आकडा घ्यायचा आणि आलेख काढायचा. आलेखाचा माथा सपाट झाला की लाइन भरली, हे न शिकवता कळायचं.

पुढे लाइन मोकळी असतानाही ॲप अडकू लागलं, कारण एका क्लिकमागे अनेक सर्व्हर काम करू लागले. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या यंत्रणेची माहिती जाहीर केली. तीत प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक मिळतो, तो सर्व्हरमागून सर्व्हर सोबत जातो आणि कुठल्या टप्प्यावर किती वेळ गेला हे दिसतं. सगळ्या विनंत्या नोंदवणं परवडणारं नव्हतं, म्हणून सुरुवातीला सरासरी १०२४ मधली एकच नोंदवत.