छोट्या क्लबांचा आवाज जपणारे टेपर: न्यूयॉर्कच्या इंडी रॉकची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये मर्क्युरी लाउंज किंवा बावरी बॉलरूमसारख्या क्लबात इंडी रॉकचा, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकचा कार्यक्रम असला, की मिक्सिंग डेस्कजवळ (मंचावरचे सगळे आवाज जिथे जुळवले जातात त्या टेबलाजवळ) बरेचदा एक उंच स्टँड दिसतो. वर एकमेकांपासून फाकवलेले दोन बारीक मायक्रोफोन, खाली बॅगेत रेकॉर्डर. स्टँडजवळचा माणूस क्लबच्या पगारावर नसतो आणि रेकॉर्ड कंपनीनेही त्याला पाठवलेलं नसतं. बँडची परवानगी काढून तो स्वतःच्या खर्चाने सगळा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करतो, घरी जाऊन त्यावर काम करतो आणि ऐकणाऱ्यांना फुकट देतो. टेपर म्हणतात त्याला. हे सगळं आज उघडपणे चालतं, पण इथवर यायला या शहराला शंभराच्या आसपास वर्षं लागली आणि त्यातला बराच काळ हे काम चोरूनच चाललं.

ही हौस रॉकपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या फोनोग्राफवर चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर घेतले. आधी गायकांना ओळी सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या खोक्यातून, मग रंगमंचाच्या वरच्या मार्गिकेवरून. एका नळकांड्यावर जेमतेम दोनेक मिनिटं मावायची. खरखर इतकी की गायकाचा आवाज शोधावा लागतो. तरी त्या प्रयोगांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो त्यांच्यामुळेच. पुढे १९४१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातला जेरी न्यूमन हा विद्यार्थी तबकडीवर ध्वनी कोरणारं यंत्र घेऊन हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसला जाऊ लागला. गिटारवादक चार्ली क्रिश्चन तिथे मध्यरात्रीनंतर मोकळेपणी वाजवत असे. पुढच्याच वर्षी, पंचविशीतच तो गेला. स्टुडिओत तो इतका लांबवर, इतका निर्धास्त कधी वाजला नाही. न्यूमनच्या तबकड्या नसत्या तर तो वाजवणारा क्रिश्चन आपल्याला ठाऊकच झाला नसता.

रॉकच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २३ ऑगस्ट १९७० ची रात्र. पार्क अव्हेन्यू साउथवरच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या जागी व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा बँड वाजवत होता. गायक-गिटारवादक लू रीड बँडमध्ये असतानाचा हा शेवटचा कार्यक्रम. चित्रकार अँडी वॉरहॉलच्या वर्तुळातल्या ब्रिजिड पोक यांनी सोनीचा साधा मोनो कॅसेट रेकॉर्डर टेबलावर ठेवून तो टिपला. फिलिप्सने कॅसेट बाजारात आणून तेव्हा सातच वर्षं झाली होती आणि ती संगीतासाठी आहे असं फारसं कुणी मानत नव्हतं. तरीही अटलांटिक कंपनीने १९७२ मध्ये त्याच कॅसेटची अधिकृत तबकडी काढली. आवाज बोथट आहे, बास जवळपास नाहीच. गाण्यांच्या मधल्या शांततेत कवी जिम कॅरल पेय मागवताना ऐकू येतो. पण खोली किती लहान होती, लोक किती जवळ बसले होते, किती जणांचं लक्ष होतं आणि किती जणांचं नव्हतं, हे सगळं त्या कॅसेटमध्ये आहे. स्टुडिओतल्या मुद्रणात ते कधीच येत नाही. याच बँडमागे रेकॉर्डर घेऊन फिरणारा आणखी एक चाहता होता रॉबर्ट क्वाइन. १९६९ मधल्या त्याच्या कॅसेटही २००१ मध्ये अधिकृतपणे निघाल्या. मधल्या काळात क्वाइन स्वतः न्यूयॉर्कच्या पंक पिढीतला नावाजलेला गिटारवादक झाला आणि काही वर्षं लू रीडच्याच बाजूला उभा राहून वाजवला. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यातलं अंतर या संगीतात आधीपासून इतकं कमी आहे.

त्याच सुमारास या हौसेला बाजाराची बाधा झाली. रोलिंग स्टोन्सचा नोव्हेंबर १९६९ मधला ऑकलंडचा कार्यक्रम प्रेक्षकांतून टिपून कुणीतरी त्याची चोरटी तबकडी काढली आणि ती धडाक्यात खपली. बूटलेगचा धंदा उभा राहिला. कलाकारांना यातून दमडी मिळत नसे, त्यामुळे दारावरची तपासणी कडक झाली आणि टेपर व बूटलेगवाले एकाच मापाने मोजले जाऊ लागले. हा अन्याय होता असं मला वाटतं, कारण खरा टेपर विक्रीचा विचारही करत नसे.

कोंडी फोडली ग्रेटफुल डेड या रॉक बँडने. त्यांच्या कार्यक्रमांत मायक्रोफोनच्या स्टँडचं रान माजलं होतं. इतर प्रेक्षक तक्रार करत आणि इंजिनिअरलाही रंगमंच दिसेनासा झाला होता. ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीत बँडने टेपरसाठी मिक्सिंग डेस्कच्या मागे स्वतंत्र जागा नेमून दिली. अट एकच: अदलाबदल करा, विकू नका. इंडी बँडांचं संगीत ग्रेटफुल डेडच्या संगीतापेक्षा अगदी वेगळं, पण ही अट मात्र त्यांनी जशीच्या तशी उचलली. यो ला टेंगो, विल्को यांच्यासारख्या बँडांनी टेपरना मोकळीक दिली. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने तर एक पाऊल पुढे टाकलं. १९८७ पासून त्यांचेच इंजिनिअर कार्यक्रम टिपत आले होते. डिसेंबर २०११ पासून त्यातले ८०० हून अधिक कार्यक्रम त्यांनी पाच डॉलर या सुचवलेल्या किमतीला खुले करायला घेतले. चुकलेले सूर, बंद पडलेले ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रं), प्रेक्षकांशी झालेली हुज्जत, काहीही कापलं नाही. तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवणाऱ्या बँडला हे शोभून दिसलं.

कॅसेटच्या काळात अदलाबदल टपालाने चाले. कोऱ्या कॅसेट आणि परतीची टपाल तिकिटं पाठवायची, मग प्रत यायची. प्रतीची प्रत काढली की टेपची मागची सूं-सूं वाढत जाई, त्यामुळे आपली कॅसेट मूळ मुद्रणापासून कितवी पिढी आहे याची नोंद प्रत्येक जण ठेवी. सोनीच्या डिजिटल डॅट टेपने हा घसारा थांबवला. १९८७ मध्ये जपानमध्ये आलेली ही यंत्रं अमेरिकेत रखडली, कारण जशीच्या तशी प्रत निघते या भीतीने रेकॉर्ड कंपन्या अडून बसल्या होत्या. घरोघरी डॅट कधी पोहोचलाच नाही. टेपरच्या खांद्यावरच्या बॅगेत मात्र तो दहा-पंधरा वर्षं राहिला. १९९८ पासून इंटरनेटवर गुणवत्ता न घटवणाऱ्या फाइल फिरू लागल्या आणि २००२ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयाने थेट कार्यक्रमांचं भांडार सुरू केलं. ज्या बँडने होकार दिला त्याचंच मुद्रण तिथे ठेवलं जातं. काही वर्षं ब्रुकलिनमध्ये राहिलेला गायक एलियट स्मिथ २००३ मध्ये गेला. त्याचे कितीतरी छोटे कार्यक्रम आज तिथे ऐकता येतात.

परवानगीला एवढं महत्त्व येण्यामागे कायदाही आहे. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेने संमतीशिवाय थेट कार्यक्रम टिपण्याविरुद्ध केंद्रीय कायदा केला. त्याची कसोटी न्यूयॉर्कमध्येच लागली. बूटलेग विकल्याबद्दल मॅनहॅटनमधल्या एका रेकॉर्ड दुकानदारावर खटला भरला गेला. २००४ मध्ये खालच्या न्यायालयाने या संरक्षणाला मुदतच नाही म्हणून फौजदारी कलम घटनाबाह्य ठरवलं. २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. फौजदारी कलम पैशासाठी केलेल्या मुद्रणापुरतं असलं, तरी दिवाणी जबाबदारी राहतेच. म्हणूनच आजचा जबाबदार टेपर आधी बँडला विचारतो.

बँड हो म्हणाला की काही वेळा इंजिनिअर मिक्सिंग डेस्कमधून थेट जोडणीही देतो. बाहेरच्याला वाटतं, मग मायक्रोफोन कशाला? छोट्या क्लबचं गणित इथेच वेगळं पडतं. गिटारचे ॲम्प आणि ड्रम मंचावरूनच खोली भरून टाकतात. डेस्कमधून स्पीकरला मुख्यतः गायकाचा आवाज सोडावा लागतो. त्यामुळे नुसतं डेस्कचं मुद्रण ऐकलं तर गायक छातीवर बसल्यासारखा आणि गिटार शेजारच्या इमारतीत. मायक्रोफोनला खोलीतला खरा तोल मिळतो, पण सोबत गप्पाही येतात. दोन्ही मिसळायचं तर वेळ जुळवावी लागते. मायक्रोफोन मंचापासून १० मीटरवर असेल, तर ध्वनी तिथे सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. शिवाय दोन रेकॉर्डरची घड्याळं कणभर वेगळी चालतात, म्हणून एक ट्रॅक किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो. हे जमलं की ऐकणारा त्या खोलीत उभा राहतो. माझ्या मते चांगल्या टेपरची पारख यंत्रापेक्षा या कामात होते, आणि खोलीत कुठे उभं राहायचं हे ओळखण्यात. भिंतीला टेकलं की बास फुगतो, बारजवळ गेलं की गाणं गप्पांत बुडतं.

अशा खोल्या न्यूयॉर्कमध्ये फार दिवस टिकत नाहीत. मॅक्सेस १९८१ मध्ये बंद झालं. १९७३ पासून चालत आलेला सीबीजीबी हा क्लब भाड्याच्या वादानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये गायिका पॅटी स्मिथच्या कार्यक्रमाने मिटला. हडसनपलीकडे होबोकेनला, जिथे यो ला टेंगो २००१ पासून हनुका या ज्यू सणाच्या आठ रात्री वाजवायचे, ते दोनेकशे माणसांचं मॅक्सवेल्स जुलै २०१३ मध्ये गेलं. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमधलं डेथ बाय ऑडिओ २००७ ते २०१४ एवढंच जगलं; इमारतीत एका माध्यम कंपनीचं कार्यालय आलं. त्याच वर्षी शेजारच्या ग्लासलँड्सचाही शेवट झाला. या ठिकाणी वाजलेले अनेक बँड पुढे मोठे झाले, अनेक फुटले. त्या भिंतींमध्ये ध्वनी कसा घुमायचा, हे आता फक्त टेपरच्या फाइलींत उरलं आहे. त्यामुळे नावाजलेल्या बँडपेक्षा मला त्यांच्या आधी अर्धा तास वाजवून गेलेल्या, कधी अल्बमही न निघालेल्या बँडांची मुद्रणं जास्त मोलाची वाटतात.

शिकागोत हे काम किती लांब जाऊ शकतं ते दिसतं. तिथले आदम जेकब्स १९८४ पासून कार्यक्रम टिपत आले आणि त्यांच्याकडे १०,००० हून अधिक कार्यक्रमांचा साठा झाला. नाव होण्याआधीचा, जुलै १९८९ मधला निर्वाना हा बँडही त्यात आहे. आता स्वयंसेवक त्या कॅसेट आणि डॅट टेप एकेक करून डिजिटल करत आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर चढवत आहेत. कॅसेट वाजवण्याआधी यंत्राच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन दर वेळी नव्याने जुळवावा लागतो, कारण मूळ रेकॉर्डरचा कोन निराळा असतो. डॅटची चालू यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत. न्यूयॉर्कमधल्या १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या ज्या टेप अजून कपाटांत आहेत, त्यांच्यासाठीही हाती उरलेला वेळ तेवढाच आहे.